‘उपेक्ख’ या नावात यापुढे दुरुस्ती न करणेबाबत

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी
तथा ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजा निंबटाकळी,
ता. देवळी, जि. वर्धा.

अर्जदार : रत्नदीप प्रेमदास थूल, वय ३४ वर्षे, धंदा मोटार रिवाइंडिंग, रा. मौजा निंबटाकळी.

विषय : माझ्या मुलाचे नाव सरकारी कागदावर बरोबर आले असल्याने त्यात यापुढे कोणतीही दुरुस्ती न करणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. ६ ऑक्टोबर २०२५ (प्रलंबित अर्ज पंधरा दिवसांत निकाली काढण्याबाबत).
२) माझे दुरुस्तीचे चार अर्ज, दि. १४ फेब्रुवारी, ४ एप्रिल, २३ मे व ११ जुलै २०२५.

महोदय,

१) आपले पत्र पोहोचले. आपण या गावी रुजू होऊन तीनच आठवडे झाले आहेत. तेवढ्यात आपण कपाट उघडले, जुने अर्ज बाहेर काढले, त्यात माझे चार सापडले आणि ते चारही पंधरा दिवसांत निकाली काढतो असे लेखी कळवले. सरकारी कार्यालयाकडून असे पत्र मला आयुष्यात पहिल्यांदाच आले. ते वाचून माझ्या पत्नीला घाम फुटला. तरी ते चारही अर्ज कृपया निकाली काढू नयेत, एवढीच माझी विनंती आहे. ही विनंती आपणास विचित्र वाटेल. आधीचे साहेब बदलून गेल्याने प्रकरण आपणास ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून मुळापासून मांडतो.

२) माझी पत्नी रोशनी ही सेवाग्रामला दवाखान्यात परिचारिका आहे. बाळंतपण तिथेच करायचे ठरले होते. परंतु दि. ९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी, दिलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी, तिला कळा सुरू झाल्या आणि गाडी येईपर्यंत मुलगा गावच्या उपकेंद्रात जन्माला आलासुद्धा. त्यामुळे नोंद आपल्या ग्रामपंचायतीत झाली. जन्मल्यावर तो रडला नाही. त्याने छताच्या पंख्याकडे पाहिले, मग सिस्टरकडे, मग माझी आई कमलाबाई हिच्याकडे, आणि शिंकला. रोशनी स्वतः नर्स असल्याने घाबरली. सिस्टरने पाठ चोळल्यावर तो रीतसर रडला व सर्व ठीक असल्याचे सांगण्यात आले. तेव्हा रोशनी हसत म्हणाली, “याले तं काई फरकच पडून नाई राह्यला.” नावाचे बीज तिथे पडले.

३) आम्ही बौद्ध आहोत. मुलाला एखाद्या गुणाचे नाव द्यावे, पण ते गावात दुसऱ्या कुणाचे नसावे, अशी रोशनीची इच्छा होती. तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दहा पारमिता, म्हणजे धम्मात सांगितलेले दहा गुण, लिहून काढल्या आणि घरात बैठक बसली. शील, प्रज्ञा आणि मैत्री ही तीन नावे आमच्याच नात्यात वाटून झालेली आहेत. दान हे नाव आईला पटले नाही. “दान नाव ठेवलं का लोकं मागाले येतेत,” असे तिचे म्हणणे पडले. नेक्खम्म म्हणजे गृहत्याग, हे कळल्यावर ती चिडलीच. “लेकरू आताच घरी आलं, अन् तुमी त्याले घर सोडाचं नाव ठेवता?” खंती म्हणजे सहनशीलता, पण ऐकणाऱ्याला वाटेल की मुलगा झाल्याची आम्हाला खंत आहे. अधिट्ठान म्हणजे दृढनिश्चय, पण ते ऐकून पतसंस्थेची पाटी डोळ्यांपुढे येते. सच्च ठेवले तर शाळेत सच्चू होणार. वीरिय हे मी सुचवले. त्याचा अर्थ उद्योग, परिश्रम असा आहे व मी कष्टाचा माणूस असल्याने मला ते आवडले होते. ते नाव मराठीत आणल्यावर काय होते, हे रोशनीने मला बाजूला नेऊन सांगितले. मी नाव मागे घेतले.

राहिली उपेक्खा. पाली भाषेत याचा अर्थ समतोल मन. लाभाने फुगायचे नाही, हानीने खचायचे नाही. मुलगा म्हणून ‘उपेक्ख’. मराठीत आपण ‘उपेक्षा’ म्हणतो तेव्हा दुर्लक्ष म्हणतो, तो अर्थ येथे नाही. हे वाक्य मी गेल्या आठ महिन्यांत इतक्या वेळा म्हटले आहे की माझ्या दुकानातली गिऱ्हाइकेही ते म्हणून दाखवतात.

दि. २ फेब्रुवारी रोजी विहारात नामकरण झाले. आत्या या नात्याने माझी बहीण जागृती हिने “थांबा, मले तीनदा म्हणून पाहू द्या,” असे सांगून सराव केला व मुलाच्या कानात नाव सांगितले. तिथवर कोणतीही चूक झाली नाही.

४) दि. १० फेब्रुवारी रोजी मी जन्मनोंदीत नाव टाकण्यासाठी कार्यालयात आलो. संगणक परिचालक श्री. राकेश यांना नाव कागदावर लिहून दिले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले व म्हणाले, “भाऊ, हे असं तं चुकीचं दिसन. मी शुद्ध करून देतो.” शुद्ध करतो म्हणजे चांगलेच करतो, असे मला वाटले. दुकानावर एक शेतकरी पंपाची जळालेली मोटार घेऊन बसला होता, म्हणून मी प्रमाणपत्र न पाहता खिशात घातले. घरी उघडले. बालकाचे नाव : उपेक्षित रत्नदीप थूल.

५) दि. १४ फेब्रुवारीला मी पहिला अर्ज दिला. तो विचाराधीन असतानाच लसीकरणाचा दिवस आला. आशाताई शोभाबाई यांनी यादीवरून मोठ्याने पुकारले, “उपेक्षित थूल!” समोर आठ बाया रांगेत होत्या. आठही बाजूला झाल्या. एका म्हातारीने रोशनीच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला आणि म्हणाली, “होईल बाई, सारं ठीक होईल.” त्या दिवशी लस लवकर मिळाली, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

पुढच्या आठवड्यात एका पुढाऱ्याचे दोन कार्यकर्ते शाल, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन घरी आले. त्यांना मुलगा मेळाव्यात मंचावर बसवायचा होता. ‘उपेक्षितांचा आवाज’ असा फलक तयारच होता व त्या आवाजाचा फोटो पाहिजे होता. आई तेव्हा मुलाला तेल लावत होती. ती तेलाच्या हातानेच दारात आली. “कोन उपेक्षित? रोज दोन टाइम तेलमालिश होते याची! तुमची होते काय?” दोघांनीही होत नसल्याचे मान्य केले व निघून गेले. शाल इथेच राहिली.

६) हसण्यावारी नेण्यासारखे हे प्रकरण आहे, असे आधीचे साहेब मला म्हणाले होते. म्हणून एक गोष्ट सांगतो. माझ्या आजोबांचे नाव गावच्या कागदात कचऱ्या असे होते. ते नाव त्यांच्या आईबापाने ठेवले की लिहिणाऱ्याने, हे आता कुणालाच सांगता येत नाही. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव त्यांनी स्वतः निवडले, प्रेमदास. शाळेत गुरुजींनी पेम्या लिहिले. आजोबा शेतातले काम टाकून तीन वेळा शाळेत गेले आणि तिसऱ्या वेळी पूर्ण नाव लिहून होईपर्यंत टेबलापासून हलले नाहीत. आमच्या घरात नाव ही अशी वस्तू आहे. माझे वडील आज नाहीत, पण त्यांचा शाळेचा दाखला ट्रंकेत वरच ठेवलेला असतो.

७) पहिल्या अर्जावर कार्यवाही होऊन दि. २ एप्रिल रोजी नवीन प्रमाणपत्र मिळाले. त्यात नाव ‘अपेक्षित’ असे होते. श्री. राकेश म्हणाले, “आता तं अर्थबी चांगला झाला भाऊ, ठेवून द्या.” काही नातेवाइकांचेही तेच मत पडले. परंतु जागृतीचा धाकटा मुलगा घरात सारखा येत-जात असतो. तो खरोखर अनपेक्षित होता आणि त्याला आता वाचता येते. म्हणून मी दुसरा अर्ज दिला.

दि. २१ मे रोजी नाव ‘उपेक्षा’ झाले आणि लिंग ‘स्त्री’. याबाबत विचारणा केली असता श्री. राकेश यांनी खुलासा केला, “नाव बाईचं अन् लिंग पुरुषाचं, सिस्टीम घेऊनच नाई राह्यली. मंग म्या लिंग दुरुस्त केलं.” मी तिसरा अर्ज दिला. तो निकाली निघण्यापूर्वी ग्रामसभा आली आणि मुलीला जन्म दिल्याबद्दल रोशनीचा सत्कार जाहीर झाला. तिने उभे राहून सर्वांसमक्ष सांगितले की मला मुलगा आहे. टाळ्या पडल्या. मुलगी असून मुलासारखीच मानते, असा लोकांनी अर्थ घेतला. सत्कारात मिळालेले कडुलिंबाचे रोपटे परत घेण्याची तरतूद नसल्याचे सांगण्यात आल्यामुळे ते अंगणात लावले आहे व ते जगले आहे.

८) दि. ९ जुलै रोजी मिळालेल्या चौथ्या प्रमाणपत्रात लिंग पुरुष झाले, परंतु नावाच्या रकान्यात ‘उपाख्य’ आले. आपल्या वऱ्हाड-विदर्भात उपाख्य म्हणजे उर्फ, हे आपणास विदित आहेच. पूर्ण नाव झाले, ‘उपाख्य रत्नदीप थूल’. मी ते घेऊन मुलाचे आधार काढायला गेलो. तेथील ताईंनी दोनदा वाचले आणि विचारले, “बाळाचे मूळ नाव कुठे आहे? इथे फक्त टोपणनाव दिसते, रत्नदीप. आणि वडिलांचे नाव पण रत्नदीपच. म्हणजे बाळ आणि बाप एकच का?”

मी तो कागद घेऊन तडक या कार्यालयात आलो व दि. ११ जुलैचा चौथा अर्ज दिला. तत्कालीन साहेबांनी कागद पाहून सांगितले की नोंदीनुसार रत्नदीप थूल ही व्यक्ती सहा महिन्यांची असल्याने माझी अर्जावरील सही ग्राह्य धरता येत नाही. एकतर पालकाला घेऊन यावे, नाहीतर ‘मी माझा मुलगा नाही’ असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे. प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्याने मला परत पाठवले. असे लिहून दिल्यास मुलाला पुढे वारसाची अडचण येईल, असे त्याचे मत पडले. म्हणून मी पालकाला, म्हणजे आईला घेऊन आलो. ती साहेबांना म्हणाली, “हा माहा पोरगा हाय. अन् तो याचा पोरगा हाय. दोघं येगयेगळे हायेत. एकाले मिशी हाय.” साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मिशीची नोंद कोणत्याही रकान्यात करता येत नसल्याने अर्ज आवक करून कपाटात ठेवण्यात आला.

त्या दिवशी मी कार्यालयात मोठ्याने बोललो. टेबलावर हात आपटला. पाण्याचा जग पडला आणि दोन रजिस्टर भिजले. याबद्दल मी आजही दिलगीर आहे. घरी आल्यावर रोशनीने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “पोराचं नाव काय ठेवलं, ते तरी आठवा.” मी मोटार बांधणारा माणूस आहे. एक तार उलटी जोडली तर मोटार उलटी फिरते, म्हणून मी दिवसभर डोके शांत ठेवून वेढे मोजतो. पण या तीन अक्षरांपायी माझे रात्रीचे जेवण तुटले, गिऱ्हाइकांवर ओरडलो, जागृतीशी अबोला धरला. ज्या गुणाचे नाव मुलाला द्यायला निघालो होतो, तो गुण माझ्यात नावालासुद्धा उरला नव्हता. मी अर्ज करणे थांबवले. ठेवू द्या काय ठेवायचे ते, असे म्हणालो.

९) माझी आई चौथी शिकलेली आहे. दि. १८ ऑगस्ट रोजी मी दुकानात आणि रोशनी ड्युटीवर असताना ती कुणालाही न सांगता मुलाला कडेवर घेऊन या कार्यालयात आली आणि श्री. राकेश यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. पुढील हकीकत मला दोघांनीही वेगवेगळी सांगितली व ती जुळते.

आई म्हणाली, “बाबू, तू लिहितं कसा, ते मले दाखव.” श्री. राकेश यांनी दाखवले. ते इंग्रजी अक्षरे टाइप करतात आणि संगणक खाली मराठी शब्द सुचवतो. त्यांनी आमचे नाव टाइप केले. संगणकाने उपेक्षा, उपेक्षित, अपेक्षित, उपाख्य अशी यादी दिली. “पाहा काकू, तुमचं नाव त्याच्यात हायेच नाई. मी काय करू? जे जवळचं वाटलं ते दरवेळेस घेतलं.” ते रडकुंडीला आले होते, असे आई सांगते. आमच्याइतकाच त्यांनाही या नावाचा ताप झाला होता, हे आम्हाला तेव्हा कळले.

आईने थोडा विचार केला. “तुले मक्खन लिहिता येते काय?”

“येते ना.”

“मंग लिही.”

श्री. राकेश यांनी मक्खन लिहिले. संगणकाने ते पहिल्या झटक्यात दिले.

“आता त्याचा म काढ.”

“काढला.”

“न काढ.”

“काढला.”

“राह्यलं काय?”

“क्ख.”

“त्याच्या म्होरं उपे लाव.”

पडद्यावर ‘उपेक्ख’ आले. मग श्री. राकेश खुर्चीवरून उठून आईच्या पाया पडले, आणि आईने त्यांना सांगितले की आमच्यात पाया पडत नाहीत, कागद काढ. कागद निघाला. बालकाचे नाव : उपेक्ख रत्नदीप थूल. लिंग : पुरुष. वडील : रत्नदीप प्रेमदास थूल. तिने तो घरी आणून माझ्या वडिलांच्या दाखल्यासोबत ट्रंकेत ठेवला आणि मग मला फोन केला. मी दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि आत बसून रडलो. मन समतोल ठेवायला मला अजून बराच काळ लागेल.

१०) अशा प्रकारे प्रकरण मिटले असताना आपले पत्र आले. पहिल्या तीन अर्जांवर प्रमाणपत्रे निघाली तरी ‘निकाली’ असा शेरा कुणी मारला नव्हता. चारही अर्ज कपाटातच राहिले होते, कारण ते परत घेण्याचे मला सुचले नाही. ती चूक माझी आहे. काल श्री. राकेश स्वतः घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, “भाऊ, साहेब म्हनते चारही अर्ज निकाली काढाच, वर अहवाल द्या लागते. पण तुमच्या कागदात चूक तं राह्यलीच नाई. आता अर्ज निकाली काढाचा म्हनजे आधी चूक करा लागन.” मी विचारले, कोणती चूक? त्यांनी हिशेब मांडला. पहिल्या अर्जासाठी नाव आधी उपेक्षित करावे लागेल, मग दुरुस्त करायचे. दुसऱ्यासाठी अपेक्षित. तिसऱ्यासाठी मुलगा पुन्हा मुलगी. चौथ्यासाठी मी सहा महिन्यांचा. “चारही झाले का मंग शेवटी मक्खन टाकतो,” असे ते म्हणाले. त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु तिसऱ्या आणि चौथ्या अर्जाच्या मध्ये वीज गेली तर आमचे काय होईल? ऐन दुपारी वीज जाते, हे आपण तीन आठवड्यांत पाहिलेच असेल.

११) तरी विनंती की चारही अर्जांवर ‘अर्जदाराने स्वखुशीने मागे घेतले’ असा शेरा मारून ते अहवालात निकाली धरावेत. तसे लिहून देण्यास मी कधीही हजर राहीन. आवश्यक वाटल्यास आईलाही घेऊन येईन, परंतु तशी वेळ आणू नये, हे आपल्या हिताच्या दृष्टीने सुचवतो. भिजलेली दोन रजिस्टर मी इस्त्री करून देण्यास तयार आहे.

१२) शेवटी एक घटना आपल्या निदर्शनास आणतो, कारण तिची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होणार नाही. परवा मंगळवारी सकाळी मुलगा अंगणात एका कोंबडीच्या मागे रांगत चालला होता. कोंबडी फाटकाबाहेर गेली, तोही निघाला. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, “उपेक्ख!” तो थांबला. बसला. मान वळवून मागे पाहिले आणि हसला. त्याला खालचे दोन दात आले आहेत. नावाला त्याने दिलेली ही पहिली ओ आहे. रोशनी, आई आणि मी असे तिघेही त्याला साक्षीदार आहोत. त्यानंतर आम्ही तिघांनी त्याला आळीपाळीने बाराएक वेळा हाक मारली आणि तो दरवेळी वळला, शेवटी शेवटी थोडा कंटाळून.

म्हणजे साहेब, तो ज्या नावाला वळतो ते नाव आणि आपल्या दप्तरात असलेले नाव आज एकच आहे. ते तसेच राहू द्यावे.

आपल्या कार्यालयाकडून कोणतीही कार्यवाही न होण्याच्या प्रतीक्षेत,

(सही)
रत्नदीप प्रेमदास थूल
अर्जदार

स्थळ : निंबटाकळी
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) चुकीची जन्म प्रमाणपत्रे, एकूण चार, मूळ प्रती. (परत नकोत.)
२) आपल्या पत्राची छायाप्रत.
३) बरोबर प्रमाणपत्राची प्रत जोडता आली नाही. छायाप्रत काढण्यासाठी मूळ कागद मागितला असता आईने ट्रंकेची किल्ली दिली नाही.